अर्थिंगचा खड्डा

भातकुलीच्या एसटी स्टँडसमोर बद्रुद्दीनचं टिनाचं दुकान होतं. जळालेल्या मोटरी तो भरून द्यायचा. दोन हजार सातच्या हिवाळ्यात मोटरी फार जळत होत्या. वीज दिवसातून सहा-सात तास यायची. आली की पेढी नदीकाठच्या सगळ्या मोटरी एकदमच चालू व्हायच्या आणि दाब इतका उतरायचा की मोटर नुसती गुरगुरायची, फिरायची नाही. गुरगुरता गुरगुरता आतली कॉईल काळी पडायची. मग कोणी बैलबंडीत टाकून, कोणी फटफटीच्या मागं दोरीनं आवळून ती बद्रुद्दीनकडे आणायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, हरभरा मान टाकून राहिला. उद्या पाहिजे."

"उद्या नाई होत भाऊ. पाच तुमच्या पुढं हायेत."

"मंग परवा सकाळी."

बद्रुद्दीन मान हलवायचा. पन्नाशीला आलेला, उंच पण मानेत वाकलेला माणूस. व्हार्निशनं त्याच्या दहाही बोटांची टोकं तपकिरी झाली होती आणि ती आता साबणानं निघत नव्हती. डोळ्यांनी जवळचं दिसेनासं झालं होतं. बारीक तारेची टोकं जोडायची वेळ आली की तो घराकडे हाक मारायचा आणि अनीसा यायची. अनीसा त्याची थोरली पोरगी, बारावी सायन्सला. बापाच्या शेजारी पोत्यावर बसून ती टोकं खरडायची, पीळ द्यायची, त्यावर कापडी नळी चढवायची. कॉईलचे वेढे मोजताना कोणी बोललेलं तिला चालत नसे.

दिवाळीनंतर तिच्या फिजिक्सच्या सरांनी वर्गात एक कागद वाचून दाखवला. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आठ रविवार वर्ग होणार होते. अकरावी-बारावीच्या ज्या पोरांना इंजिनिअरिंग म्हणजे काय असतं याचं कुतूहल आहे, त्यांच्यासाठी. फी नाही, परीक्षा नाही. अनीसानं तो कागद उतरवून आणला आणि जेवताना अम्मीपुढं ठेवला.

नईमानं कागदाकडे पाहिलंही नाही. घरात ती उर्दूतच बोलायची. "अकेली नहीं जाएगी," ती म्हणाली.

"मी नेतो," बद्रुद्दीन म्हणाला. "रविवारी नेतो अन् घेऊन येतो."

"और दुकान?"

"एका दिवसानं काय होते."

पहिल्या रविवारी दोघं सकाळच्या गाडीनं राजापेठेत उतरले. ट्यूशनच्या पाट्या, सायकली, स्कुट्या यांच्यातून वाट काढत पुढं कॉलेजपर्यंत पायी गेले. वर्ग तळमजल्यावर होता. अनीसा आत गेली आणि बद्रुद्दीन बाहेर पायरीवर बसला. त्यानं चप्पल काढून बाजूला ठेवली होती, मशिदीच्या दारात ठेवतात तशी.

शिकवणारे हेमचंद्र सर निवृत्त प्राध्यापक होते. हे वर्ग त्यांनी स्वतःच्या हौसेनं काढले होते. दारातून त्यांचं लक्ष गेलं.

"तुम्ही बाहेर का बसलात?"

"पोरीसंगं आलो जी. बसतो इथं."

"काम काय करता?"

"मोटरी भरतो. भातकुलीले."

सर क्षणभर त्याच्या बोटांकडे पाहत राहिले. "मग तुम्ही बाहेर बसून कसं चालेल? आत या. मागचा बाक रिकामा आहे."

वर्गात तिसेक मुलं होती, बहुतेक शहरातली. मागच्या बाकावर बद्रुद्दीनचे गुडघे मावेनात. पुढच्या ओळीतल्या जुईली नावाच्या मुलीनं वळून अनीसाला हळूच विचारलं, "तुझे बाबा दर वेळेस बसणारेत?" शेजारचे दोघं-तिघं हसले. अनीसानं ओढणी सारखी केली आणि वही उघडली.

त्या दिवशी सरांनी वहीच्या कागदाचा पूल करायला लावला. सपाट कागद दोन डब्यांमध्ये ठेवला की खडूच्या वजनानंही वाकायचा. तोच कागद पंख्यासारखा घडी घालून ठेवला तर त्याच्यावर पाच पुस्तकं राहिली. दुसऱ्या रविवारी सायकलची दातेरी चाकं उघडून ठेवली. बद्रुद्दीन बोलला काही नाही, पण दुसऱ्या रविवारी घरी जाताना त्यानं राजापेठेतल्या दुकानातून एक वही घेतली. सातवीपर्यंत तो उर्दू शाळेत शिकला होता. गाडीत बसून, खिडकीशी वही धरून, त्यानं उजवीकडून डावीकडे दातेरी चाकाबद्दल चार ओळी लिहिल्या. गाडी हादरायची आणि अक्षरं वरखाली व्हायची.

"अब्बा, मी लिहून देऊ का?"

"नाई. माह्या हातानं लिहू दे."

तिसऱ्या रविवारी टेबलावर मोटरचा लोखंडी गाभा होता, आत कॉईल भरलेला. बद्रुद्दीनला लांबूनच कळलं की एक कॉईल उलटी बसली आहे.  सर चालू करायला गेले तेव्हा मात्र त्याच्यानं राहवलं नाही.

"सर, तिसरी कॉईल उलटी हाये."

सगळी मुलं मागं वळली. सरांनी वाकून पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "या, तुम्हीच सुलटी करा."

तो पुढं गेला. खिशातून पक्कड काढली. अनीसा न बोलावता उठून त्याच्या बाजूला उभी राहिली आणि टोकं तिनं जोडली. मग बद्रुद्दीननं सरांकडे सायकलचा एक छर्रा मागितला. मोटर बरोबर भरली की नाही हे तो दुकानात असंच पाहायचा. सरांनी कमी दाबाची वीज सोडली, बद्रुद्दीननं छर्रा आत टाकला आणि तो लोखंडाच्या आतल्या कडेनं गरगर धावू लागला, कोणी न ढकलता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जुईलीही उभी राहून पाहत होती.

"हा का धावतो, माहीत आहे तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"नाई जी. धावते एवढं माहीत. तीस वर्स झाले."

मग सरांनी फळ्यावर तीन फेजा काढल्या. एक चढते, तेव्हा दुसरी उतरत असते. लोहचुंबकपण एका कॉईलमधून दुसऱ्या कॉईलमध्ये पुढं पुढं जातं आणि छर्रा त्याच्या मागं लागतो. त्याला ते कधीच गाठता येत नाही, म्हणून तो फिरत राहतो. बद्रुद्दीन उभ्यानंच ऐकत होता. त्याचं तोंड किंचित उघडं होतं.

परतीच्या गाडीत तो सारखा बोलत होता. अनीसानं बापाला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "एक फेज गेली की मोटर कावून जळते, ते आज समजलं. तिघाईचं काम दोघावर पडते. मी लोकायले म्हनो का कंपनीचा माल खराब. माल नाई खराब." थोडं थांबून तो म्हणाला, "तू बिजलीचीच लाईन घेजो. घेशीन?"

"घेईन अब्बा."

घरी आल्यावर त्यानं नईमाला ताटलीत छर्रा टाकून, ताटली हलवून, तो कसा धावतो ते दाखवलं. नईमा म्हणाली, "पागल हो गए," पण ती हसत होती.

चौथ्या रविवारी विषय होता विजेपासूनची सुरक्षा. सरांनी तुपाचा रिकामा डबा आणला होता. त्यात बल्ब बसवला आणि आतल्या वायरीची साल एका जागी मुद्दाम खरडून ती डब्याला टेकवली. बल्ब नेहमीसारखा पेटला. डबाही नेहमीसारखाच दिसत होता. सर लाकडी पाटावर उभे राहिले. त्यांनी दुसऱ्या एका बल्बचं एक टोक डब्याला लावलं, दुसरं जमिनीत गेलेल्या पाइपाला. तो बल्बही लख्ख पेटला.

"या बल्बच्या जागी तुम्ही आहात असं समजा," सर म्हणाले. "अनवाणी, ओल्या जमिनीवर. डब्याला हात लावलात."

पुढच्या ओळीतली मुलं मागं सरकली.

मग त्यांनी एक हिरवी वायर घेतली, डब्याला स्क्रूनं जोडली आणि तिचं दुसरं टोक त्याच पाइपाला आवळलं. पुन्हा बटण दाबलं. फाट्कन फ्यूज उडाला. सगळं बंद. सरांनी उघड्या हातानं डबा उचलून दाखवला.

"एवढीशी वायर. वीज माणसाकडे येण्याआधी हिच्यातून जमिनीत जाते आणि फ्यूज उडून पुढची वीज थांबते. हिला अर्थिंग म्हणतात."

मागच्या बाकावरून बद्रुद्दीननं हात वर केला. पोरं करतात तसाच. "सर, हे वायर मोटरीले नसली तं?"

"आणि आत कुठं कॉईल लोखंडाला टेकली असली तर, मोटरीला हात लावणारा माणूसच वायर होतो."

"टेकली हे मिस्त्रीले समजत नाई का?"

"तपासलं तर समजतं. आणि नव्यानं भरलेली मोटरही आठ दिवसांनी टेकू शकते. म्हणूनच तर अर्थिंग."

बद्रुद्दीन खाली बसला. पुढचं त्यानं काही ऐकलं नाही.

मोटर भरायला तो अकोल्यात शिकला होता, जुन्या शहरात, वयाच्या अठराव्या वर्षी. उस्तादानं पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात पक्कड देऊन सांगितलं होतं की ही हिरवी वायर कापून टाकायची. ती ठेवली की जुन्या मोटरीवर फ्यूज उडत राहतो, शेतकरी परत येतो, शिव्या देतो. तेव्हापासून प्रत्येक मोटरीची हिरवी वायर तो बुडापासून कापत आला होता. ती फ्यूज का उडवते हे त्यानं कधी विचारलं नाही. उस्तादानंही कोणाला विचारलं नसावं.

आणि दोन वर्षांमागं, पौषात, पेढीकाठच्या खुशालरावांची बायको सुंदराबाई मोटरीला चिकटून मेली होती. हरभऱ्याला पाणी चालू होतं. खुशालराव वावराच्या त्या टोकाला पाण्याचे बारे देत होते. सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील. सुंदराबाई कॉक बंद करायला गेली, चिखलात अनवाणी. पाणी थांबलं नाही म्हणून खुशालराव पाहायला आले. ती मोटर आठ दिवसांपूर्वीच बद्रुद्दीननं भरून दिली होती. पंचनाम्यात करंट लागून मृत्यू असं लिहिलं गेलं. लोक म्हणाले, वरून जास्तीचा दाब आला. बद्रुद्दीन मातीला गेला होता. महिन्यानं खुशालरावांनी तीच मोटर पुन्हा दुकानात आणली आणि त्यानं ती पुन्हा भरून दिली. तेव्हाही हिरव्या वायरीचा कापलेला तुकडा तिच्या बुडाशी तसाच होता. त्यानं तो पाहिला होता आणि त्याला काही वाटलं नव्हतं.

वर्ग सुटला. मुलं गेली. अनीसा दाराशी थांबली. बद्रुद्दीन सरांच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिला.

"सर, एक बाई मेली," तो म्हणाला आणि सगळं सांगितलं.

 सांगून झाल्यावर सर खुर्चीवर बसले आणि बद्रुद्दीनलाही त्यांनी बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं," सर म्हणाले. "वीज जोडून देणाऱ्यानं पाहायला हवं होतं. आम्ही इथं तीस वर्षं शिकवतो, आमच्यातल्या कोणीही भातकुलीच्या दुकानात जाऊन हे सांगितलं नाही."

"ते ठीक हाये जी. पन वायर मी कापली."

"हो," सर म्हणाले. "वायर तुम्ही कापली. वायर असती तर बहुतेक त्या वाचल्या असत्या. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

बद्रुद्दीननं मान हलवली. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "हे अर्थिंग कसं करतेत, ते मले लिहून द्या."

सरांनी चित्र काढून दिलं. पाच फूट खोल खड्डा, लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. मग गावाचं नाव पुन्हा विचारून ते म्हणाले, "तुमच्याकडची जमीन खारी आहे ना? मग मीठ टाकायचीही गरज नाही. या कामाला तुमच्यासारखी जमीन नाही." बाई मेल्याच्या गोष्टीवर जमिनीचं कौतुक केलं, याचं त्यांनाच कसंतरी वाटलं आणि त्यांनी कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली.

गाडीत बद्रुद्दीननं वही काढली नाही. भातकुलीचा फाटा आला तेव्हा अनीसा म्हणाली, "अब्बा, मी पन टोकं जोडले होते त्या मोटरीचे. दहावीत होती मी."

"तू टोकं बरोबर जोडले होते," बद्रुद्दीन म्हणाला. "तुहा काही संबंध नाई."

घरी नईमानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या हातातलं पीठ वाळून गेलं. "किसी को मत बोलना," ती म्हणाली. "उसका वक़्त आ गया था. अल्लाह की मर्ज़ी. तुम बोलोगे तो वो औरत वापस आएगी क्या?"

"नहीं आएगी."

"फिर?"

बद्रुद्दीन उठून बाहेर गेला. त्यानं दोन दिवस दुकान उघडलं नाही. मोटरीवाले येऊन घराच्या दाराशी हाका मारून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंघोळ केली, धुतलेला पायजमा घातला आणि सायकल घेऊन पेढीच्या रस्त्यानं गेला.

खुशालराव वावरातच होते. ज्या बांधावर मोटर बसवली होती त्याच्या अलीकडे, पळसाखाली, ते विळ्याला धार लावत होते. त्यांची विधवा बहीण इंदूबाई भाकरी घेऊन आली होती. बायको गेल्यापासून तीच त्यांचं घर पाहायची.

"या मिस्त्री," खुशालराव म्हणाले. "मोटर तं चांगली चालू हाये. इकडं कसे काय?"

बद्रुद्दीन उभाच राहिला. जमिनीकडे पाहत, न थांबता त्यानं सांगितलं. वायर काय असते. ती कशासाठी असते. आपण ती कापली. सुंदराबाईच्या मोटरीचीही कापली होती. हे आपल्याला आता, तीन दिवसांआधी कळलं.

विळा थांबला. इंदूबाईनं डोक्यावरचा पदर तोंडात धरला.  पलीकडे कोणाच्या तरी मोटरीचं पाणी दांडातून वाहत होतं तेवढाच आवाज.

"हे मले सांगाले नोको होतं," खुशालराव म्हणाले.

बद्रुद्दीननं वर पाहिलं.

"दोन वर्स मी मनाले सांगत आलो, का तिचं आयुष्य तेवढंच होतं. सटवीनं तेवढंच लिहिलं होतं. तेवढ्यावर मी झोपून राहिलो, खाऊन राहिलो. आता काय सांगू? एका वायरीनं गेली म्हनू?"

"भाऊ, मले वाटलं..."

"तुले काय वाटलं ते तुह्यापाशी ठेव." त्यांनी विळा उचलला, पण पुन्हा दगडावर घासला नाही. "जाय तू."

"मी खड्डा खंदून देतो. अर्थिंगचा. उद्याच येतो."

"माह्या वावरात पाय ठेवू नोको."

इंदूबाई बांधापर्यंत त्याच्या मागं आली. "बद्रूभाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, "दादा पोलिसात जातीन असं नोका समजू. पन आता येऊ नोका काई दिवस." आणि ती भरभर परत फिरली.

दुसऱ्या दिवसापासून बद्रुद्दीन बाकीच्या मोटरींकडे जाऊ लागला. सायकलच्या दांड्याला पाइप बांधलेला, मागं पोत्यात कोळसा, सब्बल, फावडं. अनीसानं वहीत गावांची नावं लिहून दिली होती, कोणत्या गावात कोणाची मोटर. जेवढ्या बापाला आठवल्या तेवढ्या, दीडशेच्या वर निघाल्या. सकाळी दोन तास तो दुकानात बसायचा, मग निघायचा. जानेवारीतच जमीन वरून तडकली होती. पहिला हातभर सब्बल आत जायची नाही, दगडावर मारल्यासारखी उसळायची. त्याखाली माती चिकट लागायची, फावड्याला डिंकासारखी धरायची, आणि प्रत्येक फावडं पायानं साफ करावं लागायचं. पाच फूट जायला त्याला दुपार व्हायची. खड्ड्यातून त्याचं फक्त डोकं दिसायचं, आणि टोपीच्या कडेला घामानं पांढरी रेघ उमटायची. मोटर भरायचं काम बसून करायचं होतं. कमरेला सवय नव्हती. आठवड्यातच त्याच्या तळव्यांची कातडी सोलली आणि त्यावर तो व्हार्निशचाच हात फिरवू लागला.

कामाचे तो काही घेत नव्हता, आणि त्यामुळंच लोकांना शंका यायची.

"आतापावतर काय झोपला होता का मिस्त्री?" उत्तमरावांनी विचारलं. त्यांच्या दोन मोटरी होत्या.

"मले माहीत नोतं भाऊ."

"माहीत नोतं अन् आमच्या बायकापोरायले त्या मोटरीवर पाठवत होता."

"होय जी."

उत्तमरावांनी त्याला बांधावर उभं ठेवलं आणि गावातल्या लाइनमनला बोलावणं धाडलं, हा म्हणतो ते खरं की खोटं हे विचारायला. लाइनमन दीड तासानं आला. त्यानं चित्राचा कागद पाहिला, बरोबर आहे म्हणाला आणि गेला. तोवर बद्रुद्दीन उन्हात उभा होता. कोणी त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. मग त्यानं दोन्ही खड्डे खोदले.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पंजाबराव नावाचे एक मोठे शेतकरी स्टँडवरच्या हॉटेलात मोठ्यानं म्हणाले, "खुशालच्या बायकोले यानंच मारलं. स्वतः कबूल झाला." बद्रुद्दीन समोरच्या दुकानात होता. त्याला ऐकू गेलं. त्यानं कॉईलचे वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. फेब्रुवारी उजाडेपर्यंत दुकानासमोर एकच मोटर उरली होती. जळालेल्या मोटरी आता त्याच्यासमोरून अमरावतीच्या गाडीवर चढत. तिथलेही मिस्त्री हिरवी वायर कापत असतील, हे त्याला माहीत होतं. एकदा तो उठून रस्त्यावर गेला आणि गाडीवर चढवणाऱ्याला म्हणाला, "भाऊ, भरून आनशीन तं हिरवी वायर हाये का पाहून घेजो." त्या माणसानं त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

 संध्याकाळी नईमा गरम पाण्यात हळद टाकून त्याच्यापुढं ठेवायची आणि तो तळवे बुडवून बसायचा. एक दिवस ती एवढंच म्हणाली, "मैंने कहा था."

"हां," तो म्हणाला. "तूने कहा था."

अमरावतीला तो पुन्हा गेला नाही. अनीसा एकटीच जायची. पहिल्यांदा ती एकटी गाडीत बसली तेव्हा नईमा स्टँडपर्यंत आली होती. शेवटच्या रविवारी सरांनी सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली आणि अनीसाला बाजूला घेऊन वडिलांची चौकशी केली.

"खड्डे खंदून राहिले," ती म्हणाली.

"किती झाले?"

"एकवीस."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग विचारलं, "तू पुढं काय करणार?"

"बिजलीचंच शिकीन म्हटलं होतं. आता भेव लागते."

"भीती वाटते तर तूच शीक," सर म्हणाले.

तिनं घरी येऊन हे कोणाला सांगितलं नाही. प्रमाणपत्र पेटीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर, न विचारता, ती फावडं घेऊन बापाच्या मागं वावरात गेली. तो खोदायचा आणि ती माती वर ओढायची.

फाल्गुन लागला होता. हरभरा निघाला होता. बापलेक उत्तमरावांच्या पलीकडच्या वावरात खड्ड्यात होते तेव्हा काठावर कोणाची तरी सावली पडली. बद्रुद्दीननं वर पाहिलं. खुशालराव उभे होते. दोन महिन्यांत ते वाळले होते. दाढी वाढली होती.

"मोटरीले हात लावला का झिनझिन्या येतेत," ते म्हणाले. "इंदू काल ओरडली. थोडासाच करंट होता, हात सोडवता आला."

बद्रुद्दीन खड्ड्यातून वर आला. घाईत त्याचा गुडघा काठावर घासला. "वीज बंद केली ना?"

"केली." खुशालरावांनी पाठ फिरवली. "चाल."

तिघं बांधानं गेले, पुढं खुशालराव, मागं हे दोघं. मोटरीपासून चार हातांवर बद्रुद्दीननं जागा पाहिली आणि सब्बल उचलली. त्याचे दोन घाव झाले नाहीत तोच खुशालरावांनी त्याच्या हातातून ती काढून घेतली. म्हणाले, "मी खंदतो."

त्यांनी एकट्यानं खोदलं. मध्ये बद्रुद्दीननं दोनदा हात पुढं केला, दोनदा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. छातीपर्यंत खाली गेल्यावर ते एकदा काठाला कपाळ टेकवून थांबले. अनीसाला वाटलं चक्कर आली, ती पाणी घेऊन गेली. ते पाणी प्यायले आणि पुन्हा खोदू लागले. मग बद्रुद्दीननं पाइप उभा केला, कोळसा टाकला, माती दाबली. मोटरीच्या बुडाशी वायरीचा कापलेला तुकडा होता. तो त्यानं काढून टाकला. त्या जागी जाड तार बसवून नट आवळला, पण दुसरं टोक मोकळंच ठेवलं.

"आता चालू करा," तो म्हणाला. "हात नोका लावू."

खुशालरावांनी खटका दाबला. बद्रुद्दीननं टेस्टर मोटरीच्या लोखंडाला टेकवला. टेस्टरमधला दिवा पेटला. उन्हातही लालसर दिसत होता. खुशालराव वाकून त्या दिव्याकडे पाहत राहिले. इंदूबाई पळसाखाली उभी होती, ती पुढं आली नाही.

वीज बंद करून बद्रुद्दीननं तारेचं मोकळं टोक पाइपाला घट्ट आवळलं. पुन्हा खटका. पुन्हा टेस्टर. दिवा पेटला नाही. त्यानं जागा बदलून तीनदा टेकवला. पेटला नाही. गळती थोडीशीच होती म्हणून फ्यूजही उडाला नाही; मोटर नीट चालू होती आणि पाइपातून पाणी पडत होतं.

"इतकंच?" खुशालरावांनी विचारलं.

"इतकंच भाऊ."

खुशालरावांनी चप्पल काढली. मोटरीभोवती पाणी सांडून चिखल झाला होता. त्यात ते अनवाणी उभे राहिले, आणि बद्रुद्दीन काही म्हणायच्या आत त्यांनी उजवा तळवा मोटरीवर ठेवला. काही झालं नाही. मोटर हाताखाली थरथरत होती, कोमट होती, बस. ते तसेच उभे राहिले. त्यांचा जबडा हलायला लागला, मग खांदे. हात त्यांनी काढला नाही. अनीसानं तोंड फिरवलं.

बद्रुद्दीनही चिखलात उतरला. त्यानं आपला सोललेला हात त्यांच्या हाताशेजारी मोटरीवर ठेवला. खुशालरावांनी त्याला दूर लोटलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. वीज जाईपर्यंत दोघं तसेच उभे होते.